बास्केट वर, नजर चाकाखाली

बूम लिफ्ट (बूम म्हणजे लांब हात, त्याच्या टोकाच्या बास्केटमधून माणसांना उंचावर नेणारं चाकांचं मशीन) आणि सीझर लिफ्ट (कात्रीसारख्या पायांवर सरळ वर जाणारा मंच) यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतो.

बूम लिफ्टच्या बास्केटला चारी बाजूंनी कठडा असताना बेल्ट कशाला? आमचे वेल्डर हुक शेजारच्या बीमला अडकवतात, ते चालेल का? (सुपरवायझर, कांजूरमार्ग)

आधी जरा हिशोब करू. दोन चाकांत अडीच मीटर अंतर धरा. एक चाक ५ सेंटीमीटर खचलं, तर १८ मीटरवरची बास्केट सुमारे ३५ सेंटीमीटर बाजूला जाते, आणि तीही झटक्याने. ५ सेंटीमीटर खचायला मुंबईत एक सैल पेव्हर ब्लॉक पुरतो. त्या क्षणी माणूस कठड्यावर ओणवा असेल तर गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो. म्हणून फुल बॉडी हार्नेस (खांदे आणि मांड्यांभोवती पट्टे असलेला बेल्ट) आणि आखूड दोर, तोही बास्केटमध्ये त्यासाठीच दिलेल्या कडीला. बीमला हुक मुळीच नको. बास्केट सरकली की माणूस तिच्यातून ओढला जाऊन बीमला लटकतो. सीझर लिफ्टमध्ये कठडा हाच मुख्य आधार असतो. तिथे बेल्ट लागतो का, ते त्या मशीनचं मॅन्युअल सांगेल.

पोडियम स्लॅबवर (टॉवरच्या पायथ्याच्या मजल्यांवरचा मोकळा सपाट स्लॅब) लिफ्ट चढवायची आहे. ठेकेदार म्हणतो, 'ट्रक चालतो, मग ही का नाही?' (साइट इंजिनिअर, ठाणे)

ट्रकचं वजन त्याच्या सगळ्या चाकांवर बऱ्यापैकी वाटलेलं असतं. ६० फुटी बूम लिफ्ट साधारण १० टनांची, आणि बूम ज्या बाजूला लांबवाल त्या बाजूच्या एखाद्या चाकावरच त्यातला मोठा वाटा येतो. खाली पार्किंगचं तळघर असेल तर अंदाजाने चढवायचा विषयच संपला. लिफ्टच्या कंपनीकडून चाकागणिक भाराचा आकडा मागवा, तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि परवानगी लेखी घ्या. 'चालतंय की' ही परवानगी नव्हे.

कठड्यावर किंवा बादलीवर उभं राहून थोडी उंची मिळवली तर? (वाचक, कुर्ला)

नाही. मोठी लिफ्ट मागवा.

वरळीला समुद्राच्या बाजूने काचा बसवतोय. वारा किती असेपर्यंत काम करावं? (फसाड फिटर)

बाहेर वापरायच्या बहुतेक लिफ्टना सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरची मर्यादा असते. काही सीझर लिफ्ट फक्त आतल्या कामासाठी असतात. त्यांच्या पाटीवर वाऱ्याचा आकडा शून्य असतो आणि त्या बाहेर काढायच्याच नाहीत. वारा जमिनीवर नाही, बास्केटच्या उंचीवर मोजा. मोठी काच हातात घेतलीत की ती शिडासारखं काम करते, त्यामुळे पाटीवरचा आकडा गाठण्याआधीच थांबा. बास्केटला हिरवी जाळी किंवा बॅनर बांधणाऱ्यांशी तर मी भांडतोच.

रेल्वे रुळांशेजारी काम आहे. तारेला हात लागला नाही म्हणजे झालं ना? (मुकादम, दिवा)

लोकलच्या ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट असतात. वीज हवेतूनही उडी मारते, आणि साधी बास्केट इन्सुलेटेड नसते. अमेरिकेचा नियम ५० किलोव्होल्टपर्यंत किमान १० फूट अंतर मागतो. इथे रेल्वेची परवानगी आणि पॉवर ब्लॉक (ठरलेल्या वेळेपुरती तारेतली वीज बंद) असल्याशिवाय बूम तिकडे वळवूच नका.

ऑपरेटर वर अडकला तर अग्निशमन दलाला बोलवायचं का? (सेफ्टी ऑफिसर, भांडुप)

बोलवाच, पण त्याआधी खालचं पॅनल वापरा. प्रत्येक लिफ्टला जमिनीवरून बास्केट उतरवायची सोय असते, आणि बॅटरी किंवा इंजिन बंद पडलं तरी चालणारी वेगळी आणीबाणीची सोयही असते. एका साइटवर मे महिन्यात बारा मीटरवर ऑपरेटरला उन्हाने भोवळ आली. खाली पाचजण माना वर करून उभे. 'कोणी उगाच हात लावू नये' म्हणून पॅनलची किल्ली काढून स्टोअरच्या कपाटात ठेवली होती, आणि स्टोअरकीपर जेवायला गेला होता. माणूस शुद्धीवर आला हे नशीब. तो बास्केटबाहेर हार्नेसला लटकत असता, तर पायात रक्त साकळून काही मिनिटांत जिवावर बेतलं असतं.

म्हणून रोज सकाळी, बास्केट रिकामी असताना, खालच्या माणसाला पॅनलवरून ती वर नेऊन खाली आणायला लावा. पाच मिनिटं लागतात. आणि किल्ली पॅनललाच राहू द्या.