न्यू जर्सीत हँडगनच्या परवान्याला खरोखर किती दिवस लागतात?

तुम्ही लिहिले आहे की अर्ज करून सहा आठवडे झाले, पोलीस खात्यात फोन केला की "प्रक्रिया चालू आहे" एवढेच उत्तर मिळते, तर हा परवाना मिळायला नेमके किती दिवस लागतात, आणि तोवर नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियातून पिस्तूल आणता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो : नाही. पेनसिल्व्हेनियातला दुकानदार त्या राज्याच्या रहिवाशाची जागच्या जागी तपासणी करून त्याला हँडगन विकू शकतो हे खरे, परंतु केंद्रीय कायद्यानुसार परराज्यातल्या गिऱ्हाइकाच्या हातात तो ती देऊ शकत नाही. ती न्यू जर्सीतल्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवावी लागते, आणि तो दुकानदार तुमच्याकडे न्यू जर्सीचाच परवाना मागतो. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे हे बरे झाले. एच-वन-बी व्हिसावर असता, तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता हा विषयच संपला असता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात एक आहे आणि व्यवहारात वेगळे. कायदा म्हणतो की रहिवाशाचा अर्ज हाती आल्यापासून ३० दिवसांत निर्णय द्यावा. मी १७ जानेवारी २०२३ रोजी अर्ज केला आणि माझा परवाना १६ मे रोजी आला, म्हणजे ११९ दिवसांनी.

मी मूळचा कोल्हापूरचा. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या पॉइंट टू टू रायफलने पालथे पडून जे काही नेम मारले, त्यानंतर पंचवीस-तीस वर्षे शस्त्राला हात लावला नव्हता. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ती बातमी वाचून मी पत्नीला म्हणालो की आपल्यालाही पुन्हा हात बसवायचा आहे, आणि त्यासाठी पॉइंट टू टूचे साधे पिस्तूल पुरेसे आहे. तिचा होकार मिळायला चार वर्षे लागली. या साऱ्या प्रकरणातली सर्वांत दीर्घ प्रतीक्षा तीच होती, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

त्या चार वर्षांत नियमही बदलले. २०२२ च्या जुलैमधल्या कायद्याने सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची अट आली. डिसेंबरमध्ये शुल्क वाढले. पूर्वी प्रत्येक हँडगनच्या परवान्याला २ डॉलर आणि शस्त्र खरेदीदाराच्या ओळखपत्राला ५ डॉलर पडत, ते अनुक्रमे २५ आणि ५० झाले. पैशांविषयी माझी तक्रार नाही. ज्याला पिस्तूल परवडते त्याला ७५ डॉलर परवडतात. माझी तक्रार अर्जातल्या दोन गोष्टींविषयी आहे, आणि तुमचा अर्जही त्यांपैकीच एकीत अडकला असेल असा माझा कयास आहे.

अर्जात असे विचारलेले असते की तुम्ही कोणत्याही मानसिक विकारासाठी कधीही एखाद्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात, दाखल होऊन अथवा बाह्यरुग्ण म्हणून, उपचार घेतले आहेत काय. माझे वडील २०२० च्या जुलैमध्ये कोल्हापुरात गेले. विमाने बंद होती, त्यामुळे त्यांचे अंत्यदर्शन मी फोनच्या पडद्यावर घेतले. त्यानंतर माझी झोप उडाली आणि पाच महिने मी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे जात होतो. मी अर्जावर "होय" असे लिहिले. डॅलसजवळ राहणारा माझा मेहुणा हे ऐकून फोनवर म्हणाला, "दाजी, 'नाही' लिहून मोकळं व्हायचं की!" त्याने त्याचे पिस्तूल एका दुपारच्या सुट्टीत विकत घेतले होते, आणि त्याच्यापुढे हा प्रश्न कधी आलाच नव्हता, कारण केंद्र सरकारच्या अर्जात फक्त एवढेच विचारतात की अधिकृत निवाड्याने तुम्हाला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवले आहे काय, किंवा सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केले होते काय. न्यू जर्सीचा अर्ज बापासाठी रडलेल्या माणसालाही त्याच रकान्यात बसवतो. तरीही खोटे लिहू नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तुमच्या वैद्यकीय नोंदी तपासण्याची संमती तुम्ही त्याच अर्जासोबत दिलेली असते. माझ्याकडे डॉक्टरांचे पत्र मागितले गेले, ते दहा दिवसांत मी नेऊन दिले, आणि ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याने एक शब्दही अधिक विचारला नाही. अडचण तिथे नव्हती.

अडचण रेफरन्समध्ये होती. नात्यातली नसलेली, तुम्हाला चांगली ओळखणारी दोन माणसे द्यावी लागतात. त्यांना ईमेलने एक प्रश्नावली जाते आणि त्यांनी ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पहिले नाव मी शेजाऱ्याचे दिले. दुसरे नाव माझ्या एका जुन्या स्नेह्यांचे दिले. आमचा बावीस वर्षांचा घरोबा आहे. त्यांच्या मुलाच्या मुंजीत मी पंगतीत वाढले आहे, त्यांची आई इथे असताना तिला दवाखान्यात नेण्याच्या पाळ्या आम्ही दोघांनी वाटून घेतल्या होत्या. मी रीतसर विचारले, आणि ते म्हणाले, "अवश्य द्या, त्यात विचारायचं काय?"

दर पंधरा दिवसांनी मी पोलीस खात्यात फोन करत असे आणि तुम्हाला मिळते तेच उत्तर मला मिळत असे. नवव्या आठवड्यात पलीकडच्या बाईंना दया आली असावी. त्यांनी सांगितले की तुमच्या एका रेफरन्सचे उत्तरच आलेले नाही. ही गोष्ट तिसऱ्या आठवड्यात सांगायला काय हरकत होती, हे मला आजतागायत कळलेले नाही. मी स्नेह्यांना विचारले, तर ते म्हणाले की ईमेल स्पॅममध्ये गेला असेल. पुन्हा पाठवून घेतला. पुन्हा काही नाही. मग गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी एका घरगुती जेवणात, श्रीखंडाची वाटी हातात असताना, त्यांच्या पत्नी माझ्या पत्नीला हळूच म्हणाल्या, "अहो, उद्या काही झालं तर ह्यांचं नाव त्यात नको, म्हणून ह्यांनी ते भरलंच नाही." स्नेही तिथेच चार हातांवर बसून एक्स्प्रेस वेवरच्या वाहतुकीविषयी बोलत होते.

सोमवारी मी त्यांचे नाव बदलले. कार्यालयातला एक सहकारी राज्याच्या उत्तर टोकाला, ससेक्स काउंटीत राहतो आणि दरवर्षी हरणाच्या शिकारीला जातो; त्याने जेवणाच्या सुट्टीपूर्वी प्रश्नावली भरून पाठवली. त्यानंतरही परवान्याला सात आठवडे लागले, त्यामुळे सगळा दोष स्नेह्यांच्या माथी मारता येत नाही. तरीही मारण्याचा मोह होतो.

नंतर एकदा विषय निघालाच. त्यांचे म्हणणे असे की सज्जन माणसाला बंदूक लागतेच कशाला, आणि या देशात शाळांमधून जे घडते ते पाहता आपल्यासारख्यांनी तरी त्यात भर घालू नये. हे मत बाळगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण अमेरिकेत बंदुका असाव्यात की नसाव्यात, हे त्या प्रश्नावलीत त्यांना कोणी विचारलेले नव्हते. त्यांना विचारले होते ते एवढेच की तुम्ही या माणसाला किती वर्षे ओळखता आणि त्याच्या हाती शस्त्र देण्यात तुम्हाला काही गैर वाटते काय. "होय, गैर वाटते" असे त्यांनी लिहिले असते तर मी पोलिसांना त्याविषयी उत्तर देऊ शकलो असतो. मौनाला उत्तर देता येत नाही. "नाव देऊ नका" असे मला तोंडावर सांगण्याऐवजी त्यांनी गप्प राहून तोच नकार दिला, आणि कायद्याची रचनाच अशी आहे की त्या गप्प राहण्याची किंमत मी मोजली.

त्या ३० दिवसांच्या मुदतीला दात नाहीत. मिळालेला परवाना ९० दिवसांत वापरला नाही तर बाद होतो. सबळ कारण दाखवले तर आणखी ९० दिवस मिळतात, एरवी अर्ज पुन्हा पहिल्यापासून. एका परवान्यावर एकच हँडगन येते, आणि ३० दिवसांत एकाहून अधिक घेता येत नाही. अर्जदाराच्या बाजूची प्रत्येक मुदत अशी घट्ट बांधलेली असताना, कार्यालयाने आपली मुदत चौपट ओलांडली तरी त्याला कोणी जाब विचारत नाही. माझे काही बिघडले नाही, माझा नेम चार महिने उशिरा सुरू झाला. २०१५ साली याच राज्यात, बर्लिन टाउनशिपमध्ये, पूर्वीच्या जोडीदाराविरुद्ध न्यायालयाचा संरक्षण आदेश मिळवलेल्या एका स्त्रीने एप्रिलमध्ये असाच अर्ज केला होता. जूनच्या सुरुवातीला त्या माणसाने तिच्या घरासमोरच तिला भोसकून मारले, तेव्हा ३० दिवस उलटून गेले होते आणि परवाना आलेला नव्हता. ज्यांच्या जिवाला धोका आहे अशांच्या अर्जांना प्राधान्य द्यावे, हे राज्याने त्यानंतर ठरवले. तुमची परिस्थिती तशी असेल तर ते खात्याला लेखी कळवा, फोनवर नव्हे.

याचा अर्थ परवान्याची पद्धत मोडीत काढा असे मी म्हणत नाही. मेहुण्याशी माझे भांडण याच मुद्द्यावर होते. तो म्हणतो की न्यू जर्सी म्हणजे कोल्हापूरची कलेक्टर कचेरी, आणि गावाकडे आमच्या चुलत्यांना निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे याची आठवण करून देतो. परंतु मिसूरी राज्याने २००७ साली हँडगन खरेदीच्या परवान्याची अट काढून टाकली, आणि त्यानंतर तिथे बंदुकीने होणारे खून वाढल्याचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले आहे. नॉर्थ कॅरोलिनाने २०२३ साली, राज्यपालांचा नकाराधिकार मोडून, तेच केले. मला ते पटत नाही. राज्याने माझे ठसे घ्यावेत, नोंदी तपासाव्यात, डॉक्टरांचे पत्रही मागावे. फक्त ३० दिवस म्हटले की ३० दिवस. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यात, शस्त्र जवळ बाळगून फिरण्याच्या परवान्यांविषयी का होईना, असे म्हणून ठेवले आहे की प्रदीर्घ विलंब किंवा अवाजवी शुल्क यांमुळे सामान्य नागरिकाचा हक्कच नाकारला जात असेल तर त्याला आव्हान देता येईल.

माझा अनुभव एका गावचा आणि २०२३ चा आहे, हेही लक्षात घ्या. हा परवाना स्थानिक पोलीसप्रमुख देतात, आणि जिथे गावाचे स्वतःचे पोलीस खाते नाही तिथे राज्य पोलीस. त्यामुळे शेजारच्या टाउनशिपमध्ये तीन आठवड्यांत काम झालेले लोकही मी पाहिले आहेत. तुमचा अर्ज नाकारलाच गेला, तर ३० दिवसांच्या आत तुमच्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टात सुनावणी मागता येते, आणि ही मुदत मात्र खरी आहे.

पण नकारापर्यंत जाण्यापूर्वी आज संध्याकाळी तुमच्या दोन्ही रेफरन्सना फोन करा. ईमेल आला का, एवढे विचारू नका. भरून पाठवला का, हे विचारा. दोघांपैकी कोणी स्पॅमचे नाव काढले, तर त्यांच्याशी वाद न घालता उद्या सकाळी दुसरे नाव द्या. शक्यतो हरणाची शिकार करणाऱ्याचे.