अहवालातले संशोधन आणि विद्यार्थिनीच्या हातचे काम

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे आणि तिला वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे संशोधनाकडे वळायचे आहे, हे वाचून आनंद झाला. आपल्यासमोर दोन महाविद्यालये आहेत. कोल्हापूर शहरातल्या स्वायत्त महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत पेटंट, राष्ट्रीय परिषदा, सामंजस्य करार आणि पुरस्कार यांची पानेच्या पाने आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या कला व विज्ञान महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात संशोधनाला जेमतेम दीड पान मिळालेले आहे. या फरकाला किती महत्त्व द्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पानांच्या संख्येला फारच थोडे द्यावे. त्या पानांवरचे नेमके कोणते काम पदवीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः केले आहे, यावर मात्र सगळा भर द्यावा.

महाविद्यालयांमध्ये कार्यक्रमांची एवढी गर्दी का दिसते, हे आधी समजून घ्यायला हवे. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात आजवर सात निकष राहिले आणि त्यांतला तिसरा निकष संशोधन, नवोपक्रम व विस्तारकार्याचा होता. किती कार्यशाळा झाल्या, किती करार झाले, किती शोधनिबंध छापून आले, याची मोजदाद त्यात होत असल्यामुळे प्रत्येक महाविद्यालय ती नोंद काटेकोरपणे ठेवते आणि छायाचित्रांसह प्रसिद्ध करते. यात गैर काही नाही. पण एक दिवसाच्या चर्चासत्रात मागच्या रांगेत बसून मिळालेल्या प्रमाणपत्राने विद्यार्थिनीच्या ज्ञानात भर पडतेच असे नाही, आणि पुढे संशोधन संस्थेच्या मुलाखतीत त्या प्रमाणपत्राबद्दल क्वचितच कोणी विचारते.

पेटंटच्या आकड्याने आपण विशेष प्रभावित झाला आहात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे पेटंटचा अर्ज दाखल झाला की साधारण 18 महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो आणि अर्जदाराने शुल्क भरून तशी विनंती केली तर त्याआधीही होतो. ही प्रसिद्धी म्हणजे मंजुरी नव्हे, कारण अर्जातला दावा खरोखर नवा आहे की नाही याचा निर्णय त्यानंतरच्या तपासणीत होतो. एखाद्या उपकरणाच्या बाह्य रूपाची डिझाइन म्हणून केलेली नोंदणी तर वेगळ्याच कायद्याखाली होते. माहितीपुस्तिकांत ‘प्रसिद्ध’, ‘मंजूर’ आणि ‘डिझाइन’ हे तिन्ही प्रकार बहुधा एकाच यादीत येतात, तेव्हा मंजूर झालेली पेटंटे कोणती, एवढेच विचारावे. शोधनिबंधांचेही असेच आहे: परिषदेत वाचलेला प्रत्येक निबंध एकत्र बांधून काढलेले पुस्तक आणि तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेलेले नियतकालिक यांचे वजन सारखे नसते.

आता वनस्पतिशास्त्राकडे येतो. या विषयात महाविद्यालयाच्या पातळीवर उत्तम संशोधन होऊ शकते, याचे मला नेहमी आठवणारे उदाहरण म्हणजे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह. फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी 1906 साली त्याची सुरुवात केली आणि आज तेथे सुमारे दोन लाख वनस्पती-नमुने जतन केलेले आहेत. त्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या फादर सांतापाव यांनी खंडाळा आणि पुरंदर परिसरातल्या वनस्पतींचा बारकाईने अभ्यास केला आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. हर्बेरियमचे काम महागड्या यंत्रांवर अवलंबून नसते. फुलोऱ्यासह फांदी काढणे, ती दाबून वाळवणे, कागदावर चढवणे, स्थळ, तारीख, अधिवास आणि फुलाचा ताजा रंग यांची नोंद करणे आणि मग ग्रंथांच्या आधारे जाती निश्चित करणे, हे सारे पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही शिकू शकते. ते नीट शिकलेली विद्यार्थिनी कोणत्याही प्रयोगशाळेत उपयोगी पडते.

आणि आपण तर सह्याद्रीच्या कुशीत राहता. आपल्या भागातल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात उगवणाऱ्या कित्येक वनस्पती जगात अन्यत्र सापडत नाहीत. कास पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत आले ते याच समृद्धीमुळे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने कंदीलपुष्पांच्या (सेरोपेजिया) दुर्मीळ जातींचा अभ्यास आणि जतन यांसाठी मोलाचे काम केले आहे. तालुक्यातल्या महाविद्यालयातून सडा हाकेच्या अंतरावर असणे ही माझ्या दृष्टीने मोठी शैक्षणिक सोय आहे, आणि ती कोणत्याही अहवालात छापलेली नसते.

तेव्हा मुलीला सोबत घेऊन दोन्ही ठिकाणी कामाच्या दिवशी जा आणि शक्यतो प्रश्न तिलाच विचारू द्या. विभागाचे हर्बेरियम दाखवण्याची विनंती करा आणि नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर गेल्या दोन-तीन वर्षांतल्या तारखा व विद्यार्थ्यांची नावे आहेत का ते पाहा. सूक्ष्मदर्शके विद्यार्थ्यांच्या हाती असतात की कपाटात, हे प्रात्यक्षिकाच्या वेळी आपोआप दिसेल. ‘आविष्कार’ या राज्यातील विद्यापीठांच्या संशोधन महोत्सवात पदवीचे विद्यार्थी उतरले होते का आणि त्यांचा प्रश्न कोणता होता, हे विचारा. पारितोषिक मिळाले नसले तरी चालेल. जैवतंत्रज्ञान विभागाच्या स्टार कॉलेज योजनेचे अनुदान विभागाला मिळालेले असेल तर ती जमेची बाजू मानावी, कारण ती योजना पदवीच्या विज्ञानशिक्षणासाठीच आहे.

एक प्रश्न मात्र न विसरता विचारावा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते, त्यात 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो आणि ती पदवी 75 टक्के गुणांनी मिळाल्यास पीएच.डी. प्रवेशासाठी पात्रता मिळते. असे चौथे वर्ष चालवायला विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असावे लागतात. तालुक्याच्या महाविद्यालयात ती सोय नसेल तर तीन वर्षांनंतर एम.एस्सी.साठी विद्यापीठात जाण्याचा मार्ग खुला आहेच, त्यामुळे एवढ्यावरून ते नाकारू नये.

मुलगी मंडळाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात असेल तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीसाठी तिने जरूर अर्ज करावा. वर्षाला 80,000 रुपयांच्या या शिष्यवृत्तीत उन्हाळी संशोधन प्रकल्पाचाही समावेश आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीसह तीन अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. त्या फेलोशिपसाठी शिक्षकाचे शिफारसपत्र लागते, आणि मुलीचे काम जवळून पाहिलेला शिक्षकच ते मनापासून लिहू शकतो. लहान वर्गात अशी ओळख लवकर होते.

पत्रात आपण लिहिले आहे की तालुक्याच्या महाविद्यालयातल्या बाई पावसाळ्यात दर आठवड्याला मुलांना सड्यावर नेतात आणि त्या दीड पानात विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या स्थानिक वनस्पतींच्या यादीचा उल्लेख आहे. ती यादी मागून घ्या आणि मुलीला वाचायला द्या. तीत नमुना क्रमांक, स्थळे आणि तारखा नीट नोंदवलेल्या असतील, आणि त्या बाई पुढची तीन वर्षे तेथेच शिकवणार असतील, तर मी आपल्या जागी असतो तर तेथेच प्रवेश घेतला असता. तसे नसेल आणि शहरातल्या विभागात पदवीच्या मुलांना खरोखर काम मिळत असेल, तर वसतिगृहाचा खर्च सोसण्यासारखा आहे. दोन्ही भेटी झाल्यावर काय दिसले ते मुलीला स्वतः लिहून पाठवायला सांगा. प्रवेशाची मुदत संपण्याआधी मी उत्तर देईन.