पिच झाकलं, तरी ओलं कसं?

प्रश्न : ऑक्टोबरात आमचे क्रिकेटचे साखळी सामने होते. रात्री पिचवर निळी ताडपत्री घातली, पाऊस पडला नाही, तरी सकाळी पिच ओलं! ताडपत्री गळकी असेल का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : पाऊसच नव्हता, तर ताडपत्रीला दोष कशाला? ही ओल खालून आलेली आहे. ऑक्टोबरात जमिनीत पावसाळ्याचं पाणी मुरलेलं असतं. दिवसा तापलेल्या मातीतून रात्री वाफ निघते, थंड पडलेल्या प्लॅस्टिकला लागून तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा पिचवरच टपकतात. म्हणून आधी कोरडं गोणपाट, त्यावर ताडपत्री. गोणपाट भिजलं की बदलायचंच, ओलं ठेवण्यापेक्षा न घातलेलं बरं. उघडीप मिळाली की तासभर का होईना, पिच मोकळं करा. सलग दोन-तीन दिवस झाकून राहिलं तर गवत पिवळं पडतं, बुरशीही धरते.

पाऊस असताना पाणी शिरतं ते बहुधा कडेने. पिच 22 यार्ड लांब, 10 फूट रुंद, म्हणून लोक जेमतेम तेवढीच ताडपत्री आणतात. वरून निथळलेलं पाणी कडेला साचतं आणि मातीतून आत सरकतं. निदान 100 बाय 30 फूट हवी, रन-अपचा, म्हणजे गोलंदाज धावत येतो त्या पट्ट्याचा, थोडा भागही त्यात येतो. दोन ताडपत्र्या जोडायच्या तर जोड पिचवर नको. उताराच्या वरच्या बाजूची ताडपत्री दुसरीवर किमान 3 फूट चढवा. दाबायला वाळूची पोती किंवा जुने टायर घ्या, विटांच्या कोपऱ्यांनी भोकं पडतात. भोक किती महागात पडतं ते 5 जानेवारी 2020 रोजी गुवाहाटीत दिसलं. कव्हरमधून पाणी झिरपलं, हेअर ड्रायर आणि इस्त्री फिरवूनही भारत-श्रीलंका टी-20 एकही चेंडू न पडता रद्द झाला.

सर्वांत जास्त घोटाळा मात्र काढताना होतो. आधी वायपरने वरचं पाणी बाहेर लोटा, मग ताडपत्री गुंडाळा. चौघांनी चार कोपरे धरून उचलली, की मधलं सगळं पाणी बरोब्बर गुड लेंग्थवर, म्हणजे चांगला चेंडू जिथे टप्पा घेतो तिथेच!

प्रश्न : वडील म्हणतात, पूर्वी पिच झाकतच नसत. खरं का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : बरंचसं खरं. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसी या इंग्लंडमधल्या क्लबच्या 1788च्या नियमांत दोन्ही संघ राजी असल्यास झाकायची मुभा होती, पण सामना सुरू झाल्यावर पडलेला पाऊस खेळाचाच भाग मानला जाई. पूर्ण भिजलेल्या पिचवर चेंडू संथ येतो, फलंदाज निभावून नेतो. फजिती ऊन पडल्यावर होते. वरचा पापुद्रा सुकतो, खालची माती मऊच राहते. चेंडू पापुद्रा फोडून रुततो; एक छातीवर उडतो, दुसरा घोट्याशी राहतो. डिसेंबर 1950मध्ये ब्रिस्बेनला अशाच पिचवर इंग्लंडने 7 बाद 68वर डाव सोडला, तर ऑस्ट्रेलियाने उलट 7 बाद 32वर. एका दिवसात 20 बळी गेले.

इंग्लंडच्या कौंटी सामन्यांत पिच पूर्ण झाकणं 1981पासून आलं. त्याच वर्षी एजबॅस्टनला ‘ब्रम्ब्रेला’ हे मोटरने उलगडणारं अवाढव्य कव्हर बसलं, ते 2001पर्यंत टिकलं. आपल्याकडे 1948पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी मुंबईतली कांगा लीग ही उघड्या पिचचीच शाळा. तिथे तयार झालेलं तंत्र वेगळंच.

गंमत म्हणजे मूळ नियम अजूनही झाकण्याच्या बाजूचा नाही. क्रिकेटच्या कायदा 10प्रमाणे स्पर्धेच्या नियमांत किंवा नाणेफेकीआधी तसं ठरलं नसेल, तर सामना चालू असताना पिच पूर्ण झाकता येत नाही. कोपरीच्या वाचकांनी हे स्पर्धेच्या पत्रकात घालावं, नाहीतर हरणारा संघ नेमका इथेच वाद काढेल.

प्रश्न : 2 नोव्हेंबर 2025ची महिला विश्वचषक फायनल नेरूळला पावसामुळे दोन तास उशिरा सुरू होऊनही पूर्ण 50 षटकांची झाली. आमचा सामना एका सरीने का बुडतो?
— एक वाचक, सानपाडा

उत्तर : आउटफील्डमुळे, म्हणजे पिचबाहेरच्या गवताळ मैदानामुळे. मोठ्या मैदानांत गवताखाली वाळू आणि पाइप असतात, वर पाणी शोषायला सुपर सॉपर. हा स्पंजी रूळ ऑस्ट्रेलियात गॉर्डन विथनॉल यांनी 1974मध्ये बनवला. तुम्ही दोघांनी जाड दोर ताणून गवतावरून ओढा, डबक्यांना स्पंज लावा, रन-अपवर लाकडाचा भुसा टाका. पिचवर भुसा नको. आणि काळ्या मातीचं पिच ओलं असताना रोलर मुळीच फिरवू नका, वरचा थर त्याला चिकटून उचलला जातो.