भूगर्भाचे रंगीत नकाशे कितपत खरे?

प्रश्न : माणसाने खोदलेले सर्वांत खोल विवर जेमतेम बारा किलोमीटरांचे आहे. मग हजारो किलोमीटर खोलीवरची लाल-निळी चित्रे शास्त्रज्ञ कशाच्या आधारे काढतात? त्यात पुरावा किती आणि संगणकाची कल्पना किती? आमच्या नाशिकच्या काळ्या दगडाखाली काय आहे, हेही त्यातून कळते का?
— एक निवृत्त शिक्षक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : रशियातील कोला येथील ते विवर १२,२६२ मीटरांवर थांबले आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे, तेव्हा आपली शंका रास्त आहे. त्याखालची आपली बहुतेक माहिती भूकंपलहरींनी आणलेली आहे. प्राथमिक लहरी घन आणि द्रव अशा दोन्हींतून जातात. दुय्यम लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत. कळवण-दिंडोरीकडच्या एखाद्या सौम्य धक्क्याची नोंद आपल्या नाशिकच्या ‘मेरी’तील (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) भूकंपमापकावर होते, तेव्हा आधी प्राथमिक लहरींची बारीक थरथर उमटते आणि मागाहून दुय्यम लहरींचा मोठा झोका येतो. या दोहोंत पाच सेकंदांचे अंतर असेल, तर भूकंपाचे केंद्र सुमारे चाळीस किलोमीटरांवर आहे, एवढे त्या एका आलेखावरून सांगता येते. वेळेचा असाच हिशेब पृथ्वीच्या आरपार गेलेल्या लहरींना लावला की भूगर्भ उलगडू लागतो.

याची सुरुवात आपल्याकडच्या भूकंपापासून झाली, हे शाळेत क्वचितच सांगितले जाते. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला, दूरच्या यंत्रांवरील नोंदींत या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये अशाच नोंदींवरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे मांडले. गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोल असल्याचे गुटेनबर्ग यांनी १९१४ मध्ये काढले, तर तो द्रवरूप असल्याचे जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये दाखवले. ज्या पट्ट्यात प्राथमिक लहरी पोहोचायलाच नकोत, तेथेही त्या क्षीणपणे उमटतात, यावरून डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये आतल्या गाभ्याचा शोध लावला. हे सारे कागदावरच्या गणिताने झाले आणि ते आजही पक्के आहे.

रंगीत चित्रे त्यानंतरची आहेत. त्यांची तुलना नेहमी इस्पितळातल्या सीटी स्कॅनशी केली जाते, पण तेथे किरण कोठून सोडायचे आणि कोठे टिपायचे हे आपल्या हातात असते. येथे भूकंप प्रामुख्याने भूपट्टांच्या कडांवर होतात आणि यंत्रे बहुतांशी जमिनीवर आहेत, त्यामुळे महासागरांखालचे मोठे प्रदेश लहरींच्या वाटांवाचून राहतात. संगणकाचे काम असे चालते : पृथ्वीची एक अंदाजी प्रतिकृती मांडून तिचे लक्षावधी लहान घटक पाडतात, प्रत्यक्ष झालेला एखादा भूकंप तिच्यात घडवून लहरी कशा पसरतील हे महासंगणकावर मोजतात आणि निघालेला आलेख खऱ्या नोंदीशी ताडून पाहतात. तफावत ज्या वाटांवर पडते, तेथील लहरींचा वेग किंचित कमी-अधिक करून सगळा हिशेब पुन्हा मांडतात. शेकडो भूकंपांसाठी अशा फेऱ्या होत राहतात.

अडचण अशी की एकाच नोंदीशी जुळणाऱ्या प्रतिकृती अनेक असू शकतात. जेथून लहरी फारशा गेल्याच नाहीत, तेथले रंग आजूबाजूच्या मूल्यांवरून भरलेले असतात; आपण ज्याला कल्पना म्हणता, ती एवढीच. ती कोठे आहे हे ओळखण्यासाठी संशोधक आलटून-पालटून मंद व जलद वेगांच्या कृत्रिम चौकड्यांचा नमुना प्रतिकृतीत पेरतात आणि आपल्या पद्धतीने तो परत मिळतो का, हे तपासतात. ही चाचणी न देता मांडलेल्या चित्राकडे मी तरी साशंकपणेच पाहीन.

शिवाय लाल म्हणजे लहरी मंद आणि निळे म्हणजे जलद, एवढाच त्या रंगांचा अर्थ. लाल भाग तप्त असेल किंवा वेगळ्या घटकद्रव्यांचा असेल. आफ्रिका आणि प्रशांत महासागर यांच्याखाली, गाभ्याला लागून, असे दोन अवाढव्य मंद प्रदेश आहेत. वेगवेगळ्या गटांना ते वेगवेगळ्या नोंदींतून सापडल्याने त्यांच्या अस्तित्वाबद्दल शंका उरलेली नाही, पण ते केवळ तप्त आहेत की मुळातच वेगळ्या द्रव्याचे, हा वाद चालू आहे. भारताखाली खोलवर दिसणारे निळे पट्टे मात्र टेथिस या लुप्त झालेल्या प्राचीन समुद्राच्या बुडालेल्या तळाचे अवशेष असावेत, असे मानले जाते.

नाशिकचा दगड या नकाशांत शोधू नये. त्यांत काही शे किलोमीटरांहून लहान गोष्टी सहसा उमटत नाहीत, त्यामुळे अख्खा जिल्हा एका ठिपक्यात जिरून जातो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांखाली काय आहे, हे पाहायला स्थानिक मोजणी आणि विवरे लागतात. किल्लारीच्या विवरात हा काळा पाषाण ३३८ मीटरांवर संपला. कोयना परिसरात तो साधारण एक किलोमीटर जाड निघाला आणि खाली ग्रॅनाइट व त्याच्या जातीचे प्राचीन खडक लागले. तेथेच गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झाले आहे.