जुनी गाडी घेतलीस? आधी खाली वाकून बघ

अभिनंदन भावा! जुनी मारुती ८०० म्हणजे हात बसवायला झकास गाडी. पण लगेच नवे स्प्रिंग-बिंग मागवत सुटू नकोस.

आधी स्टिअरिंग पूर्ण वळव आणि चाकामागं टॉर्च मार. ॲक्सलचा रबरी बूट (म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटून काळं ग्रीस रिमच्या आत उडालेलं दिसलं, तर बूट लगेच बदल. काम स्वस्तातलं आहे. एकदा धूळ-पाणी आत गेलं की अख्खा जॉइंटच जातो. मी एक पावसाळा टाळलं आणि साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाच्या प्रत्येक वळणावर कटकट ऐकत कासला पोचलो.

बाकी सध्या एवढंच:
- शॉकअब्सॉर्बरवर तेल ओघळलंय का बघ. बदलायचे तर जोडीनंच.
- खड्ड्यात खटखट आली तर आधी बुश (सस्पेंशनच्या सांध्यातले रबरी तुकडे) आणि बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोल सांधा) तपासून घे. बरेच मेकॅनिक थेट शॉकअब्सॉर्बरवर येतात.
- गिअर ऑइल कधी बदललंय ठाऊक नसेल, तर बदलूनच टाक. इंजिन ऑइल बदललं म्हणजे हे बदललं असं नसतं!

क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय मोड. चढाला गाडी हाफ क्लचवर (क्लच अर्धा दाबून) धरू नको, हँडब्रेक ओढ. घाट उतरताना न्यूट्रल अजिबात नको, सेकंड-थर्डमध्येच उतर. गिअरबॉक्स उघडायचं पुढच्या वर्षी बघू.