शिमग्याला अख्खा गाव ग्रामदेवतेच्या पालखीमागे, मग ग्रामसभेला दहाच डोकी का?

कारण पालखी दारात येते, ग्रामसभेला आपण जायचं असतं. आणि ओटी भरायच्या वेळी घर बंद दिसलं तर वाडीत चर्चा होते, सभा चुकवली तर कुणी विचारत नाही. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात हेच बघतो. चाकरमान्यांचा मान गावात, मत बहुतेकदा विरार-डोंबिवलीत. कायद्याने गणपूर्तीला (म्हणजे सभा ग्राह्य धरायला) 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असतील तेवढे लागतात. तेवढे न जमल्याने तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की मात्र ती अट नाही. मग पाच-सात जणांत ठराव होतो (पालखीला खांदा द्यायलाही बहुधा तेच पुढे!). पण सरसकट उदासीन म्हणू नका: 2023 च्या एप्रिलात राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) रिफायनरीच्या माती परीक्षणाविरुद्ध बायका भर उन्हात बसल्या होत्या.