पहिला संवाद: आधी एवढंच कर
अरे, गेमसाठी पहिल्यांदाच संवाद लिहितोयस, तर ड्रॅगन आणि राजवाडा तूर्तास बाजूला ठेव. एक दुकानदार, एक खेळाडू, चार ओळी. बस.

ओळ लिहिलीस की मोठ्यानं वाच. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला पुस्तकवाला गिऱ्हाइकाशी इतकं लांबण लावेल का? मग तुझा जादूगार का लावतो?

नवखे हमखास इथे फसतात:

- फाटे, म्हणजे खेळाडूच्या निवडीनुसार संवादाला फुटणाऱ्या वाटा. दर वळणाला तीन पर्याय, अशी चार वळणं, की झाले ८१ शेवट! फाटे लगेच परत एकत्र आण. (मी आणले नव्हते, तो गेम अजून अर्धवट पडलाय.)
- हातवारे. शब्दागणिक हात हलले की पात्र कठपुतळी वाटतं. आधी नजर, मग मान, हात शेवटी.

पात्राच्या ओठांची शब्दांशी जुळणी नंतर बघू. चार ओळींचा सीन रविवारपर्यंत पाठव.